हाताची हजेरी

फरीदाबादमधल्या आम्हा मराठी लोकांच्या मंडळाला एक हॉल आहे आणि त्या हॉलमध्ये एक पूल टेबल आहे. ते तिथून हलवावं हा ठराव मीच मांडला होता. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला नावं ठेवायला नको.

एका निवृत्त कर्नलसाहेबांनी पुण्याला परत जाताना ते टेबल मंडळाला भेट दिलं. भेट कसली, घरातलं धूड आमच्या गळ्यात मारलं! हिरव्या कापडाखाली दगडाची लादी, खाली चार जाडजूड पाय आणि वजन असं की चौघांनी मिळून रेटलं तरी हूं की चूं करत नाही. हळदीकुंकवाला ते मध्ये, भजनाला मध्ये. गणपतीत तर शेवटी आम्ही त्यावर प्लायवूड टाकून, वर जरीचं कापड अंथरून बाप्पांनाच त्यावर बसवायला लागलो. मी मंडळाची कार्यवाह. सरकारी खात्यात तीस वर्षं फायली हलवलेली बाई, पण हे टेबल काही माझ्याच्यानं हलेना. त्यात कॉलनीतली पोरं येऊन धाडधाड गोळे आपटायची आणि शेजारच्या खोलीत आमच्या भजनाचा विचका व्हायचा. मी स्वभावानं खवट आहे, हे माझी मुलगीसुद्धा कबूल करते.

माझा नवरा श्रीकांत एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. तो म्हणाला, "आमच्याकडे मशिनं हलवायला जगदाळ्यांची टोळी येते. त्यांना पाठवतो. पंधरा टनांचं प्रेस हलवणारी माणसं, तुझं टेबल म्हणजे किस झाड की पत्ती."

आता, पंधरा टन हलवणारा माणूस म्हटल्यावर मी दारात पैलवान उभा राहील अशी तयारी केली होती. आला कोण, तर माझ्या खांद्याएवढा, वाळक्या शेंगेसारखा, पन्नाशी उलटलेला माणूस. खाकी शर्ट, गळ्यात दोरीला बांधलेली शिट्टी, हातात पिशवी. मागे पाच जण, पहारी आणि पाइपचे तुकडे घेऊन.

"रामराम वहिनी. जगदाळे."

मी टेबल दाखवलं. त्यांनी त्याच्याभोवती एक चक्कर मारली, बोट कुठेही लावलं नाही. मग पांढरा गोळा टेबलाच्या मधोमध ठेवला आणि हात काढला. गोळा क्षणभर थांबला आणि हळूहळू दाराकडे निघाला.

"फरशीला दाराकडं उतार हाय."

"असणारच," मी म्हटलं. "हॉल धुतल्यावर पाणी बाहेर जायला नको?"

"मग टेबल बी धुताय का काय?"

मागचे पाचही जण हसले. त्यांतल्या चौघांना मराठी येत नव्हतं, तरी हसले. मला राग आला. "चहा मिळंल का वहिनी? मग नेतो," असं म्हणाले म्हणून मी फणकाऱ्यानंच कोपऱ्यावरच्या टपरीवर गेले. किटली घेऊन परत येईपर्यंत पंधरा-वीस मिनिटं गेली असतील. येऊन बघते तर टेबल जागच्या जागी. पांढरा गोळा मधोमध ठेवलेला आणि ते सहाही जण त्याच्याकडे आरतीला उभं राहिल्यासारखे बघतायत. गोळा तसूभर हलत नव्हता.

मग जगदाळ्यांनी भिंतीवरची क्यू काढली. ती लांब काठी त्या हातात सुतारकामाच्या पेन्सिलीएवढी हलकी दिसायला लागली. त्यांनी कुठलंही सोंग केलं नाही. वाकले, काठीचं टोक पांढऱ्या गोळ्याला लावलं. समोरचा लाल गोळा घरंगळत जाऊन कोपऱ्यातल्या खिशात पडला आणि पांढरा पुढच्या गोळ्यासमोर येऊन मुकाट उभा राहिला. पुढचाही गेला. त्याच्या पुढचाही. मी किटली हातात धरून तशीच उभी. टेबलावरचे सगळे गोळे संपले तरी मला किटली खाली ठेवायचं भान नव्हतं.

"वहिनी," ते क्यू जागेवर लावत म्हणाले, "हे टेबल हलवायचं पाप माझ्या हातनं हुणार न्हाई. तुमाला दुसरं कायबी हलवायचं आसंल तर सांगा."

असा माझा ठराव बारगळला. त्यानंतर मंडळाच्या यादीत एक सभासद वाढला आणि दर शनिवारी संध्याकाळी सहा वाजता जगदाळे हॉलवर यायला लागले.

माणसाची सगळी कुंडली मला ठाऊक नाही. कऱ्हाडकडचे. सतरा वर्षं लष्करात, दरीत कोसळलेल्या गाड्या ओढून वर काढणाऱ्या तुकडीत. कुठल्याशा डोंगरातल्या छावणीत बर्फानं रस्ता बंद झाला की जवानांच्या करमणुकीला एक मोडकं पूल टेबल होतं, एका पायाखाली विटा लावलेलं. तिथे शिकले. लष्कर सुटलं, दिल्लीकडच्या कारखान्यांत ही टोळी उभी केली. बायको आणि मुलगा गावी, हे इथे. बस्स, एवढंच. पण त्यांच्या सवयी मात्र मी मुखोद्गत सांगीन.

कामावरून थेट यायचे. कपड्याच्या साबणानं कोपरापर्यंत हात धुवायचे आणि खिडकीजवळच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसायचे. मी चहा द्यायची तो स्टीलच्या ग्लासातच हवा आणि ग्लास डाव्या हातात. प्यायचे मात्र नाहीत. नुसते चहाकडे बघत बसायचे. पहिल्यांदा मला वाटलं, माशी पडली की काय! मग लक्षात आलं. दिवसभर पहार धरलेला हात असा थरथरायचा की चहाच्या पृष्ठभागावर बारीक लाटा उठत. वीस मिनिटं, कधी अर्धा तास. लाटा थांबल्या, चहा आरशासारखा झाला की दोन घोटांत ग्लास रिकामा करायचे आणि उठायचे.

"थंडगार चहा काय पिता? गरम करून देते ना," मी एकदा म्हटलं.

"नको. ह्यो बराबर थंड झालाय."

त्यांच्या खेळाबद्दल मला तांत्रिक काही सांगता येणार नाही. मी एवढंच सांगते, की शेजारच्या खोलीत आमचं भजन चालू असताना ते खेळतायत की नाही हे आम्हाला कळायचं नाही. गोळ्याला गोळा लागल्याचा आवाज सुपारी कातरल्याएवढा. आमच्या खजिनदारांचा जावई गुडगावला मोठ्या कंपनीत आहे. त्याची स्वतःची क्यू होती, दोन तुकड्यांची, मखमली पेटीतली. तो एका शनिवारी ऐटीत आला. पहिला फटका असा मारला की आमच्या पेटीवाल्या काकूंचा सूर गेला. मग जगदाळ्यांची पाळी आली आणि जावईबापूंना पुन्हा पाळी मिळालीच नाही. पुढच्या डावातही नाही.

"अंकल, आप पॉवर शॉट क्यों नहीं मारते?" त्यानं जरा चिडूनच विचारलं.

"दिनभर पॉवरही लगाते हैं, बेटा. इधर आराम करने आते हैं."

बिचाऱ्यानं पुन्हा ती पेटी आणली नाही. नंतर तो जगदाळ्यांच्या शेजारी खुर्ची टाकून नुसता बघत बसायचा. भजनाच्या बायकासुद्धा मध्यंतरात दाराशी येऊन उभ्या राहायच्या. मला कुणी सांगितलं असतं की पूल बघायला मी भजन सोडून उठेन, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं!

त्यांचं काम मी पाहिलं नव्हतं, श्रीकांतकडून ऐकलं होतं. माझा नवरा जेवताना बोलत नाही, भाजीत मीठ नसलं तरी बोलत नाही. पण एक दिवस पोळीचा तुकडा हातात धरून बोलतच सुटला. कारखान्यात एक अवजड मशीन खड्ड्यात उतरवायचं होतं. छप्पर बुटकं, क्रेन आत जाईना. इंजिनिअर लोक दोन दिवस नकाशे पुढ्यात घेऊन बसले. जगदाळ्यांनी बर्फाच्या लाद्या मागवल्या. खड्डा बर्फानं भरला, पाइपांवरून मशीन सरकवत त्या बर्फावर आणून ठेवलं आणि खड्ड्याच्या काठावर मगाभर कोमट पाणी घेऊन बसले. मशिनवर पाणसळ ठेवलेली, म्हणजे ती काचेच्या नळीत बुडबुडा असलेली पट्टी. बुडबुडा इकडे सरकला की त्या कोपऱ्यात चमचाभर पाणी, तिकडे सरकला की तिकडे. बर्फ विरघळत गेला तसं ते धूड केसाकेसानं खाली गेलं. संध्याकाळी बोल्टांवर जाऊन बसलं, एकदाही न कलता.

"मधून चहा पीत होते गं," श्रीकांत म्हणाला. "जसं काही पोर झोपवतायत."

आता हजेरीबद्दल सांगते.

काही शनिवारी ते खेळायला उभे राहण्याआधी एक वेगळंच करायचे. खिडकीकडच्या लांब कडेला चिकटून एक गोळा ठेवायचे आणि काठीनं पांढऱ्याला इतकं हलकं लावायचे की वाटावं, चुकून लागलं. तो गोळा कडेकडेनं, कड न सोडता, टेबलाची अख्खी लांबी मुंगीच्या पावलानं चालत जायचा आणि आता थांबतो की काय असं वाटत असताना टोकाच्या खिशात पडायचा. असं तीनदा. तिन्ही गेले की ठेकेदाराला फोन. "आएँगे." बस्स, एवढा एकच शब्द.

मी विचारलं, हे काय? आधी हसण्यावारी नेलं. मी पिच्छा सोडला नाही तेव्हा म्हणाले, "हाताची हजेरी घेतो, वहिनी. मोठं काम आसलं की आधी हात जाग्यावर हाय का बघायचं. तीन म्हंजी तीन. एक जरी चुकला तरी त्या कामाला म्या न्हाई."

"एवढं काय त्यात? एखादा चुकतो माणूस."

ते बराच वेळ क्यूच्या टोकाला खडू लावत राहिले. "लष्करात एकदा हात जड हुता. मला कळलं हुतं, पर बोललो न्हाई. लाज वाटली. पहार अर्धा बोट जास्त दाबली आन् गाडी सरकली. माझ्या सोबत्याचा पाय गेला, गुडघ्यापासनं." मग दाराशी त्यांची वाट बघत थांबलेल्या टोळीकडे मान वळवून म्हणाले, "सहा जणांचं बारा पाय हायत. बारा नेतो, बारा परत आणतो."

सहा जणांत ते स्वतःही आले. त्यांच्या खालोखाल इरफान. मेवातचा, पस्तिशीचा, धिप्पाड, दहा वर्षं त्यांच्या हाताखाली. टोळीत सगळे त्यांना उस्ताद म्हणत. उस्तादाच्या गळ्यातली शिट्टी वाजली की उचलायचं, वाजली की थांबायचं, दुसऱ्या कुणाचं ऐकायचं नाही. इरफान एकदा मला म्हणाला होता, "मैडम, आँख बंद करके पैर डाल देते हैं मशीन के नीचे, उस्ताद की सीटी पे."

तर अशा माणसाच्या बाबतीत मी काय करून बसले ते ऐका.

त्या वर्षी गणपतीत जगदाळे पंधरा दिवस मानेसरला कामावर होते. बाप्पा टेबलावर बसले, आरत्या झाल्या आणि अनंत चतुर्दशीला कुणाचा तरी धक्का लागून पंचामृताचं भांडं लवंडलं. मध, साखर, दूध सगळं टेबलाच्या पायांवरून खाली. दुसऱ्या दिवशी मुंग्यांची ही रांग! मला मुंग्या खपत नाहीत. मी सहा जणांना पकडून टेबलाची दाराकडची बाजू जरा उचलायला लावली, पायांखालची फरशी खसाखसा घासली. पायांखालून काळपट पत्र्याच्या काही पट्ट्या निघाल्या, पोस्टकार्डाएवढ्या जाडीच्या. मला वाटलं, कुठल्या तरी पॅकिंगचा कचरा. पण लोखंडाची वस्तू मी टाकत नाही, कधीतरी लागते. घरी नेऊन बिस्किटाच्या डब्यात टाकल्या, सेफ्टी पिना आणि मोडक्या कुलपाच्या सोबतीला. हॉल कसा लख्ख झाला म्हणून ग्रुपवर फोटोही टाकला. सगळ्यांनी मला हात जोडले.

पुढच्या शनिवारी जगदाळे आले. सोमवारी श्रीकांतच्या कारखान्यात मोठं प्रेस आत घ्यायचं होतं, त्यांच्या आजवरच्या कामांतलं सगळ्यांत मोठं. टोळीही सोबत आली होती. हात धुतले, चहा धरला, चहा थांबला, प्यायले. खिडकीकडच्या कडेला गोळा ठेवला.

गोळा अर्ध्या वाटेपर्यंत नीट गेला. मग त्यानं कड सोडली. बोटभर, मग दोन बोटं. खिशाच्या तोंडाला आपटून बाजूला पडला.

दुसरा लावला. तोही तसाच. तिसऱ्या वेळी त्यांनी काठी जरा जास्त वेळ धरली, आणि तो तर अलीकडेच भरकटला. मी दारात उभी होते. त्या माणसाचा चेहरा मला अजून दिसतो. घाबरलेला वाटला नाही. ज्याची वाट बघत होतो ते आलं, असा होता.

"उस्ताद, एक बार और देख लो," इरफान हळूच म्हणाला.

"तीन मतलब तीन."

त्यांनी तिथेच फोन लावला आणि ठेकेदाराला सांगितलं, "सोमवार का नहीं होगा. दूसरी पार्टी देख लो." मग खुर्चीवर बसून डावा हात उलटा-सुलटा करून बघत राहिले. मला म्हणाले, "चहा तर थांबतोय वहिनी. मग ह्यो का थांबंना? आठावन्न झाली. महिनाभर वाटतच हुतं, हात पहिल्यासारखा न्हाई. आता गावाकडं जावं म्हणतो." मी काही तरी गुळमुळीत बोलले. मग घरी आले.

रविवारी सकाळी पोहे खायला बसलो. आमचं डायनिंग टेबल डुगडुगतं, कधीचं. मुलगी करवादली, "आई, यार, सगळा चहा सांडतो! कुछ लगाओ ना ह्याच्या खाली."

मी उठले, बिस्किटाचा डबा काढला, त्यातली एक पट्टी घेतली आणि वाकून पायाखाली सरकवली. टेबल थांबलं.

मी तिथेच फरशीवर बसले. खाली वाकल्या वाकल्या मला तो पहिला दिवस आठवला. दाराकडे घरंगळणारा पांढरा गोळा, मी चहाला गेलेली आणि परत आल्यावर जागचा न हलणारा गोळा. मी उठत नाही बघून श्रीकांत धावत आला, त्याला वाटलं कंबर धरली.

खोटं कशाला बोलू, पहिला विचार मनात आला तो लपवण्याचाच. गुपचूप पट्ट्या परत घालाव्या आणि त्यांना म्हणावं, जगदाळे, आज परत एकदा बघा ना! पण ते टेबल मी एकटी उचलणार कशी? आणि श्रीकांतनं माझ्याकडे नुसतं बघितलं. "जा आणि सांग," म्हणाला.

पट्ट्या पिशवीत टाकून रिक्षानं त्यांच्या खोलीवर गेले. ते पत्र्याच्या ट्रंकेत कपडे भरत होते. ट्रंक बघितल्यावर मला रडूच आलं. भडाभडा सगळं सांगितलं. पंचामृत, मुंग्या, डबा. मला वाटलं आता ओरडतील. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी पट्ट्या हातात घेतल्या, अंगठ्यानं मोजल्या.

"पाच हायत. सहा हुत्या."

सहावी आमच्या डायनिंग टेबलाखाली होती! अशी लाज आयुष्यात वाटली नव्हती. रिक्षा परत घराकडे, तिथून हॉलवर. तोवर जगदाळ्यांनी फोन करून बोलावलेले इरफान आणि बाकीचे आले होते. पहिल्या दिवशी मी चहाला गेले होते म्हणून जे पाहायचं राहिलं होतं ते त्या दिवशी पाहिलं. शिट्टी वाजली, चौघांनी दाराकडची बाजू पहारींवर घेतली. जगदाळ्यांनी जमिनीवर आडवं होऊन पट्ट्या सरकवल्या, या पायाखाली दोन, त्या पायाखाली चार. पिशवीतून पाणसळ काढून टेबलावर ठेवली. बुडबुडा सरकत सरकत मधे आला आणि राहिला.

गोळा कडेला ठेवला. पहिला गेला. कड धरून, टोकापर्यंत, खिशात. दुसरा गेला. तिसरा इतका हळू गेला की मी मनात रामरक्षा सुरू केली. तो खिशाच्या तोंडाशी थांबला असं वाटलं आणि पडला.

पोरांनी हॉल डोक्यावर घेतला. इरफाननं त्यांना उचलायचंच बाकी ठेवलं. मी टाळ्या वाजवत होते आणि रडत होते. "म्हणजे हात ठीक आहे! उद्या जाणार ना तुम्ही?"

त्यांनी ठेकेदाराला फोन लावला. दुसरी टोळी अजून मिळाली नव्हती. "हम आ रहे हैं," म्हणाले. "पर उस्ताद इरफान रहेगा." मग गळ्यातली शिट्टी काढली आणि इरफानच्या हातावर ठेवली.

इरफान शिट्टीकडे निखारा ठेवल्यासारखा बघत होता.

"अहो, पण हात चांगला आहे ना?" मी ओरडलेच. "चूक माझी आहे! पट्ट्या मी काढल्या!"

"पट्ट्या तुमी काढल्या. पर बघायचं काम माझं हुतं." आवाज अगदी साधा, रोजचा. "गोळा सरकला तर पाणसळ लावायची, हे मी ह्या पोरांना पहिल्या दिवशी शिकवतो. काल पाणसळ पिशवीत हुती, वहिनी. खुर्चीला टांगलेली. तीनदा गोळा सरकला आन् मला ती आठवली न्हाई. मी आपला हाताकडं बघत बसलो."

"घाबरला होतात तुम्ही. माणूस घाबरतो."

"व्हय. घाबरलेल्या माणसाच्या शिट्टीवर ह्यांनी पाय घालायचं का?"

मी भांडले. इरफान भांडला, बाकीचे भांडले. तासभर त्यांची मनधरणी झाली. ते हसत होते, चहा पीत होते आणि तिळभरही हलत नव्हते. ते टेबल परवडलं.

सोमवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. श्रीकांतनं पास काढून दिला, डोक्यावर हेल्मेट घालून मी शेडमध्ये पिवळ्या पट्ट्यामागे उभी राहिले. प्रेस म्हणजे केवढं! आमच्या दोन मजल्यांएवढं लोखंड, पाइपांवर उभं. त्याच्यापुढे ही सहा माणसं. इरफान समोर उभा, गळ्यात शिट्टी, चेहरा घामानं निथळलेला. जगदाळे डावीकडे मागच्या कोपऱ्यावर, सगळ्यांत वाईट जागी, हातात पहार.

शिट्टी वाजली की सगळे दाबत आणि ते लोखंड वीतभर सरके. मागचा पाइप काढून पुढे, पुन्हा शिट्टी. मी इतकी वर्षं ज्यांना चहा देत होते त्यांचा तो डावा हात पहारीवर बघितला आणि मला कळलं की शनिवारचा खेळ म्हणजे ह्याच कामाचा लहान आवाज होता. तेच वाकणं, तेवढाच दाब, त्याहून गुंजभर जास्त नाही.

शेवटच्या वळणावर प्रेस अडलं. एका बाजूला खांब, दुसऱ्या बाजूला खड्डा, मध्ये चार बोटं जागा. इरफाननं शिट्टी वाजवून थांबवलं. सगळ्यांचे पाय लोखंडाच्या कडेला. त्यानं खांबाकडे बघितलं, खड्ड्याकडे बघितलं, आणि मग दहा वर्षांच्या सवयीनं उस्तादाकडे बघितलं. आता डावीकडून घ्यायचं की उजवीकडून?

सगळी टोळी जगदाळ्यांकडे बघत होती. श्रीकांत बघत होता, मीही बघत होते. त्यांना उत्तर ठाऊक होतं, हे मी शपथेवर सांगेन. नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं.

त्यांनी मान वर केली नाही. पहार घट्ट धरून, स्वतःचे पाय प्रेसच्या कडेला लावून ते खाली फरशीकडे बघत राहिले.

दिवाळीआधी ते गावी गेले. निरोप घ्यायला आले तेव्हा मी ऑफिसात होते, भेट झाली नाही. त्यामुळे माझ्यासाठी ते अजून त्या शेडमध्येच आहेत. मान खाली, डावा हात पहारीवर, अजिबात न थरथरणारा. इरफाननं त्यांच्यावरची नजर काढली, पुन्हा एकदा खांबाकडे बघितलं आणि शिट्टी तोंडाला लावली. ती वाजली तेव्हा सगळ्यांत आधी दाबली गेली ती जगदाळ्यांची पहार.